क्रेटाला १८ इंची मॅगव्हील घालावीत का? टायरचा साइज वाढवण्याबद्दल मार्गदर्शन हवे

पहाटवारा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०२१ची ह्युंदाई क्रेटा आहे. १.५ पेट्रोल, खालचं व्हेरियंट. लोखंडी डिस्क आणि २०५/६५ आर१६ टायर. ५२ हजार किलोमीटर झालेत, पुढचे दोन टायर गोटा व्हायला आलेत, त्यामुळे चारही बदलायचेच आहेत. म्हटलं, त्यातच थोडी भर घालून मॅगव्हील (मिश्रधातूची चाकं) करून घ्यावीत. गाडी घेतली तेव्हा वरचं व्हेरियंट परवडलं नव्हतं. ती लोखंडी चाकं आणि त्यावरच्या प्लास्टिकच्या टोप्या रोज पार्किंगमध्ये डोळ्यांत खुपतात.

आज वाकडमधल्या एका दुकानात जाऊन आलो. त्यांनी १८ इंची, ८ इंच रुंद डिस्क आणि त्यावर २३५/५५ आर१८ टायर सुचवले. चार डिस्कचे ५२ हजार, टायरचे वेगळे. "साहेब, गाडी एकदम भरलेली दिसेल. काही घासत-बिसत नाही, रोजच घालतो आम्ही," असं म्हणाले. एका गाडीवर घातलेली दाखवलीही. खरंच देखणी दिसत होती.

माझा वापर असा: शहरात रोज तीसेक किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा गगनबावड्याकडे गावी. गावाकडचा शेवटचा सहा किलोमीटरचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी पार उखडून ठेवलाय. मागे आई-बाबा असतात. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. येताना डिकीत तांदळाचं पोतं, नारळ, काय काय असतं.

तर एवढे मोठे टायर घालावेत का? घाटात गाडी ओढायला त्रास होईल का? आणि बाबांना मागे बसल्यावर फरक जाणवेल का? हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

-----

कडेपठार | शनिवार, रात्री ११.०५

माझ्या गाडीला गेली दोन वर्षं १८ इंची आहेत आणि मी खूश आहे. द्रुतगती मार्गावर लेन बदलताना गाडी डुलत नाही, वळणावर रुळावरून गेल्यासारखी जाते. ब्रेक दाबल्यावर रस्ता धरून ठेवते. आणि दिसण्याचं म्हणाल तर, आपल्या कष्टाच्या पैशाची गाडी आपल्याला सुंदर दिसावी असं वाटण्यात काय वावगं आहे? टायर मात्र चांगल्या कंपनीचेच घ्या.

-----

हिशेबनीस | रविवार, सकाळी ७.३०

पहाटवारा, आधी आकडे मांडूया.

२०५/६५ आर१६ म्हणजे टायरची रुंदी २०५ मिमी. कडेची, म्हणजे साइडवॉलची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १३३ मिमी. डिस्क १६ इंची, म्हणजे ४०६ मिमी. कड वर आणि खाली अशी दोनदा धरायची. चाक उभं केलं की एकूण उंची भरते ६७३ मिमी. तुमच्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी २१५/६० आर१७ देते, ते होतं ६९० मिमी. आणि तुम्हाला सुचवलेलं २३५/५५ आर१८ होतं ७१६ मिमी.

म्हणजे १६ वरून कंपनीच्याच १७ वर गेलात तर चाक अडीच टक्क्यांनी वाढतं. दुकानातल्या १८ वर गेलात तर ६.४ टक्क्यांनी. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो कुठे कुठे पोचतो ते पाहा.

स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाकाचा घेर वाढला हे त्याला कळत नाही. आज काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी जितकी पळते, त्यापेक्षा ती सहा टक्क्यांनी जास्त पळेल आणि काटा ८० वरच राहील. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा नियम आहे, म्हणूनच कंपन्या तो थोडा पुढे ठेवतात. ती सगळी शिल्लक इथे संपू शकते. ओडोमीटरचंही तेच. तो १०,००० दाखवेल तेव्हा गाडी १०,६४० किलोमीटर धावलेली असेल, म्हणजे ऑइल दर वेळी उशिरा बदललं जाणार.

घाटाचं विचारलंत. तुमचं इंजिन ११५ पीएस आणि १४४ एनएमचं, टर्बो नसलेलं. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर तेवढ्याच प्रमाणात लांब होतो. जिथे भरलेली गाडी दुसऱ्यावर कशीबशी चढत होती, तिथे ती पहिला मागेल. त्यात वजनाची भर. मी एकदा मित्राच्या गाडीची जुनी आणि नवी चाकं वजनकाट्यावर ठेवली होती. १६ इंची लोखंडी डिस्क टायरसकट साडेअठरा किलो भरली, १८ इंची मॅगव्हील २३५च्या टायरसकट साडेचोवीस. मॅगव्हील हलकं असतं हा समज त्याच साइजपुरता खरा आहे. साइज वाढला की फायदा गेला. आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते स्वतः फिरतं. त्याला वेग द्यायला इंजिन आणि थांबवायला ब्रेक, दोघांनाही जास्त राबावं लागतं.

-----

पहाटवारा | रविवार, सकाळी ९.१५

हिशेबनीस, मनापासून धन्यवाद. हे कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

मग १८ इंची डिस्कवर बारीक टायर घातला तर? २२५/५० आर१८? त्याची उंची ६८२ येते असं मी आता काढलं. म्हणजे स्पीडोमीटरचा प्रश्न मिटला, मॅगव्हीलही मोठी.

-----

रानजाई | रविवार, सकाळी १०.२०

पहाटवारा, या प्रश्नावर माझा अनुभव सांगते, कारण मी नेमकं हेच केलं होतं.

मी कुडाळची. गाडी दुसरी, पण याच वर्गातली. मूळ १६ इंची होती, मी १८ करून घेतली आणि बाहेरचा घेर तोच ठेवला. म्हणजे डिस्क वाढली तेवढी रबराची कड कमी झाली. शहरात, नव्या डांबरावर काहीच जाणवलं नाही. नंतर जुलैमध्ये मुंबईहून येताना महामार्गावर रात्री साडेअकराला पाण्यानं भरलेला खड्डा आला. पाणी असल्यामुळे खोली कळली नाही. डाव्या बाजूची दोन्ही चाकं एकापाठोपाठ आत गेली. पुढच्या टायरची कड दोन बोटं फाटली. मागच्याला फुगा आला आणि डिस्कची आतली कड वाकली, तिथून हवा सुटायला लागली. स्टेपनी एकच. सोबत माझी बहीण आणि तिचं चार वर्षांचं बाळ. पावसात तीन तास थांबलो, तेव्हा एका ट्रकवाल्या दादांनी पुढच्या गावातून पंक्चरवाल्याला आणलं. ते दादा आले नसते तर रात्र तिथेच काढावी लागली असती.

तो खड्डा मूळच्या टायरनं पचवला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याच रस्त्यावर आधीची चार वर्षं कितीतरी खड्डे खाल्ले होते, तेव्हा एकदाही डिस्क वाकली नव्हती.

आता मी परत १६ वर आहे. तुमच्या बाबांचं वाचलं म्हणून एवढं लिहिलं.

-----

हिशेबनीस | रविवार, सकाळी ११.००

रानजाई, वाचूनच पोटात गोळा आला. पुढचं सांगायला तुमचाच अनुभव आधाराला घेतो.

पहाटवारा, २०५/६५ आर१६ ची कड १३३ मिमी. २२५/५० आर१८ ची ११२ मिमी. म्हणजे वीस मिमी रबर आणि त्यातली हवा गेली. खड्ड्याची धार लागते तेव्हा टायर आधी दबतो, मग शॉकअॅब्सॉर्बर कामाला लागतो. टायरनं जेवढं गिळलं नाही तेवढं पुढे जातं: डिस्कला, सस्पेन्शनच्या रबरी बुशला, सीटला आणि शेवटी सीटवरच्या माणसाच्या पाठीला. बाबांबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर हेच आहे. आपल्याकडे कडेची उंची ही चैन नाही, गरज आहे.

म्हणजे एकीकडे ७१६ मिमीचं चाक गाडीला पेलायचं नाही, दुसरीकडे ६८२ मिमीचं बाबांना पेलायचं नाही. या दोघांच्या मधलं चाक कंपनीनं स्वतःच बनवलेलं आहे: २१५/६० आर१७. त्याची कड १२९ मिमी, म्हणजे तुमच्या आत्ताच्या टायरपेक्षा चारच मिमी कमी. घेर वाढल्यामुळे गाडी जमिनीपासून आठ मिमी वर उचलली जाईल ते वेगळंच.

आता ऑफसेट. हा आकडा डिस्कच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो, ईटी ४५, ईटी ३५ असा. डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या मधल्या भागाला, जिथे टेकते ती जागा चाकाच्या मध्यापासून किती बाहेर आहे, ते तो सांगतो. आकडा जेवढा लहान, तेवढं चाक मडगार्डबाहेर. समजा मूळ डिस्क साडेसहा इंच रुंद, ईटी ५० ची आहे आणि दुकानातली ८ इंच रुंद, ईटी ३५ ची. रुंदीतला फरक दीड इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस मिमी. त्यात ऑफसेटचे पंधरा मिळवले की चाकाची बाहेरची कड ३४ मिमी बाहेर येते, आतली चार मिमी आत सरकते. चाक मडगार्डच्या बाहेर आलं की चिखल दारांवर उडतो, पण ते सोडा. हबच्या बेअरिंगवर भार तिरका पडतो आणि खड्ड्यात एक चाक गेलं की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. दुकानदाराला ईटी विचारा. सांगता आलं नाही तर तिथून निघा.

-----

भोगावती | रविवार, दुपारी १.४५

मी कोल्हापूर जिल्ह्यात टायरचं दुकान चालवतो, एकवीस वर्षं झाली. हिशेबनीस यांनी कागदावरचं अगदी बरोबर सांगितलंय. मी दुकानात जे रोज बघतो ते सांगतो.

मंडळी फक्त पीसीडी बघतात, म्हणजे नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा मिमीमधला व्यास. क्रेटाला पाच नट, पीसीडी ११४.३. ब्रेझाचीही तीच, डस्टरचीही तीच. बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं असं वाटतं. तसं नसतं. डिस्कच्या मधलं भोक गाडीच्या हबवर घट्ट बसायला पाहिजे. क्रेटाचा हब ६७.१ मिमीचा. बाजारातली मॅगव्हील अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, बहुतेक वेळा ७३.१. मध्ये चहूबाजूंनी तीन मिमीची फट. ती भरायला रिंग मिळते, अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची. काही शे रुपयांचा मामला, पण ती न घालताच चाक चढवतात. मग गिऱ्हाईक येतं, "८०-९० ला स्टिअरिंग थरथरतंय, तीनदा बॅलन्सिंग केलं". चाक काढतो तर रिंगच नाही. रिंग घालून पुन्हा बसवलं की थरथर गेली, असं कितीदा तरी झालंय.

दुसरं नटाचं. नटाचं बूड कसं आहे ते बघा. बाजारातल्या मॅगव्हीलना निमुळत्या बुडाचा नट लागतो, ६० अंशाचा. टोयोटाच्या बऱ्याच मूळ मॅगव्हीलना सपाट बुडाचा, वॉशरवाला नट असतो. तो निमुळत्या खळग्यात घातला तर फक्त कडेला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि दोनशे किलोमीटरवर ढिला होतो. आट्यांचंही तसंच. ह्युंदाईला १२ × १.५, सुझुकीला १२ × १.२५ (मिमीमध्ये, बोल्टची जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर). चुकीचा नट हातानं दोन आटे जातो आणि अडतो. तिथे थांबायला पाहिजे. पण घाई असली की हवेची गन लावतात आणि बोल्टचे आटे खाऊन टाकतात. म्हणून माझ्याकडे नियम आहे: प्रत्येक नट आधी बोटानं शेवटपर्यंत फिरवायचा, मग पाना, मग टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरावर पोचला की टक् वाजणारा पाना). तुमच्या गाडीला ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. फुलीच्या क्रमानं आवळायचे, ओळीनं नाही.

डिस्कवर कोरलेलं वाचा. जेडब्ल्यूएल, व्हीआयए हे जपानी चाचणीचे शिक्के, आपल्याकडचा आयएसआय. शिवाय डिस्क किती किलो पेलते तो आकडा असतो. काहीच कोरलेलं नसलं तर कितीही चकचकीत असो, घेऊ नका.

आणि टायरवरचा भाराचा आकडा. ९५ एच म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो, ताशी २१० पर्यंत. ९६ म्हणजे ७१०. साइज वाढवा किंवा कमी करा, हा आकडा मूळच्यापेक्षा खाली जाता कामा नये. तांदळाचं पोतं आणि मागे आई-बाबा म्हणालात ना, म्हणून मुद्दाम सांगतो. टायर कधी बनला तेही बघून घ्या. कडेवर चार आकडे असतात, ३४२४ म्हणजे २०२४ सालचा चौतिसावा आठवडा.

-----

तांबडी_माती | रविवार, सायंकाळी ६.१०

माझी जिम्नी आहे, चिपळूणला. मूळ १९५/८० आर१५. मी २१५/७५ आर१५ ऑल टेरेन (कच्च्या रस्त्यालाही चालणारे, खोल नक्षीचे) घातले, डिस्क मूळचीच ठेवली. उंची ६९३ वरून ७०४, म्हणजे दीडच टक्का. मित्र २३५/७५ घाल म्हणून मागे लागले होते. ते ७३४ होतं, जवळपास सहा टक्के वाढ, आणि जिम्नीचं इंजिन काही तेवढं दांडगं नाही.

माझं मत: आपल्या भागात मोठं करायचंच असेल तर रबर मोठं करा, डिस्क नको. पावसाळ्यात जांभ्याच्या रस्त्यावर शेवाळ धरतं, आमराईतल्या वाटेवर दगड वर आलेले असतात. तिथे उंच कड आणि खोल नक्षी कामाला येते. पण ऑल टेरेनची दुसरी बाजूही सांगायला हवी. डांबरावर आवाज येतो, मायलेज लिटरमागे एक-दीड किलोमीटरनं उतरलं, आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक मारताना मी आता आधीपेक्षा जास्त अंतर ठेवतो. क्रेटासाठी मी ऑल टेरेन सुचवणार नाही. सहा किलोमीटरच्या खराब रस्त्यासाठी बाकीचे तीनशे किलोमीटर आवाज कशाला सोसायचा?

-----

कलमदान | सोमवार, सकाळी ८.५०

वाहनविम्याच्या कामात आहे म्हणून कायद्याचं सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२. निर्मात्यानं मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ (४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

रस्त्यावर रोज कुणी मोजपट्टी घेऊन बसत नाही, हे खरं. पण अपघात झाला की गाडी तपासणीला जाते आणि मग प्रत्येक गोष्ट मोजली जाते. मडगार्डबाहेर आलेलं चाक सर्व्हेअरच्या फोटोत पहिलं दिसतं. दुसऱ्या कुणाला इजा झालेली असेल तर प्रकरण फार दूर जातं. कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेला साइज घातला तर तुमच्या हातात निदान कंपनीचाच छापील कागद असतो. मॅगव्हीलची किंमत विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, चोरीला गेली तर उपयोगी पडेल.

-----

कडेपठार | सोमवार, सकाळी १०.३०

सगळे एकाच बाजूनं बोलतायत म्हणून पुन्हा लिहितो. माझा वापर पुणे-मुंबई आणि पुणे-बंगळूर. नव्वद टक्के चौपदरी रस्ता. मला गावाकडचा उखडलेला रस्ता लागत नाही. माझ्यासाठी १८ इंची बरोबर आहे आणि मी ती हुबेहूब घेर जुळवूनच घातली आहे. प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

पण रिंगबद्दल मला माहीत नव्हतं. गेलं वर्षभर ९० च्या पुढे बारीक थरथर आहे, मी टायरला दोष देत होतो. या शनिवारी चाक उतरवून बघतो.

-----

वाळूतला_मराठी | सोमवार, दुपारी २.०० (दुबई)

थोडी वेगळ्या भूमीतली भर. इथे आम्ही शनिवार-रविवारी वाळवंटात गाड्या घालतो. पहिलं काम म्हणजे उतरून चारही टायरची हवा ३५ वरून १५ पीएसआयवर आणणं. टायर पसरतो, वाळूवर त्याचा ठसा लांब होतो आणि गाडी रुतत नाही. हे करता येतं ते कडेला उंची असते म्हणूनच. शोरूममधून वीस इंची डिस्क आणि पातळ टायर घेऊन आलेल्या महागड्या गाड्या इथे पहिल्या टेकडीवर अडकतात. हवा कमी केली तर डिस्क जमिनीला टेकते, नाही केली तर चाक जागच्या जागी खड्डा खणतं. इथले जुने वाळवंटी चालक स्वतःच्या गाडीची २० इंची काढून १७ इंची घालतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मोठं नवल वाटलं होतं.

-----

पहाटवारा | सोमवार, रात्री ९.४०

सगळ्यांचं वाचून दोन दिवस डोक्यात हेच आहे. १८ चा विचार सोडला. २१५/६० आर१७ नक्की केलं. वरच्या व्हेरियंटच्या गाडीवरून उतरवलेली चार मूळ मॅगव्हील एका ओळखीच्यांकडे आहेत, त्यांनी स्वतःच्या गाडीला दुसरी घातली. २८ हजार म्हणतायत. घेताना काय बघू? आणि स्टेपनी १६ चीच राहणार, ती चालेल का?

-----

भोगावती | सोमवार, रात्री १०.२५

चांगलं ठरवलंत. मूळ डिस्क म्हणजे हब नेमका बसणार, रिंगची कटकट नाही, नटही तुमचेच चालतील.

बघताना पुढची बाजू बघू नका, ती सगळे घासून-पुसून ठेवतात. डिस्क उलटी करा आणि आतल्या गोल भिंतीवरून बोट फिरवा. वेल्डिंग केलेलं असेल तर बोटाला उंचवटा लागतो, रंग मारला तरी लागतो. वेल्डिंगची डिस्क फुकट मिळाली तरी घेऊ नका. नंतर बॅलन्सिंगच्या मशीनवर टायरशिवाय फिरवायला सांगा आणि कडेजवळ पेन धरा. पेन आणि कडेतली फट एकसारखी राहिली तर डिस्क सरळ. फट कमी-जास्त होत राहिली तर वाकलेली.

स्टेपनीचं म्हणाल तर कंपनी वरच्या व्हेरियंटलाही १६ चीच देते. पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जायला ठीक. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद जाते, तिथे दोन वेगळ्या घेरांची चाकं फार वेळ ठेवू नका. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. वेळ जातो, पण डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) जपलं जातं.

चढवल्यावर खडूची चाचणी करून घ्या. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर आणि टायरच्या खांद्यावर खडू घासायचा. मागे तीन दणकट माणसं बसवायची. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत गाडी पुढे-मागे घ्यायची, एक चाक फूटपाथच्या उतारावर चढवायचं. मग खडू कुठे पुसला ते बघायचं.

-----

पहाटवारा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.१५

मंडळी, उशिरा कळवतोय.

चारपैकी तीन डिस्क सरळ निघाल्या. चौथीची फट पेनाशी हलत होती. अगदी थोडी, पण हलत होती. आतून बोट फिरवल्यावर मात्र काही लागलं नाही. ओळखीच्या गृहस्थांना दाखवलं तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी त्या डिस्कचे पैसे सोडले, मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून एक नवी घेतली. टायर ९६ एच, यंदाचेच बनलेले.

खडूची चाचणी सोसायटीच्या उतारावर केली. शेजारचे दोघे आणि मेव्हणा मागे बसले. चारही मडगार्डमधला खडू जसाच्या तसा. मग टायरवाल्याकडे अलाइनमेंट करून घेतलं आणि हवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच भरली.

काल गावी जाऊन आलो. घाटात फरक पडला, अगदी नाही असं नाही. दोन वळणांवर आधी तिसऱ्यावर जायची तिथे दुसरा टाकावा लागला. पण ओढतच नाही असं कुठे झालं नाही. शेवटचा सहा किलोमीटरचा रस्ता मी मुद्दाम हळू घेतला आणि आरशातून बाबांकडे बघत होतो. ते खिडकीतून ऊस बघत बसले होते. पोचल्यावर विचारलं, पाठ कशी आहे? म्हणाले, "का रे, काय झालं?" त्यांना चाकं बदललेली कळलीच नव्हती. आईनं मात्र अंगणात उतरल्या उतरल्या बघितली आणि चाकांवरून हात फिरवला.

रानजाईताई, तुमचा अनुभव वाचला नसता तर मी त्याच शनिवारी आगाऊ रक्कम देऊन आलो असतो. हिशेबनीस, तुमचा आकडेमोडीचा कागद वहीत उतरवून ठेवलाय.

-----

कडेपठार | रविवार, रात्री ८.५०

अभिनंदन! फोटो टाका. माझ्या चाकांना खरंच रिंग नव्हत्या. घातल्या आणि थरथर गेली. भोगावती, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

-----

भोगावती | रविवार, रात्री ९.३०

आनंद झाला वाचून. पहाटवारा, गावी जाऊन आलात म्हणजे सातशेच्या आसपास किलोमीटर झाले असतील. नट पुन्हा आवळले का? शंभर किलोमीटरवरच बघायला पाहिजे होते. गाडी थंड असताना, सकाळी बघा.

-----

पहाटवारा | सोमवार, सकाळी ७.०५

आत्ता बघून आलो. मेव्हण्याकडून टॉर्क रेंच आणला होता. वीसपैकी एकोणीस नट जागच्या जागी टक् वाजले. मागच्या उजव्या चाकाचा एक नट साधारण पाव फेरा फिरला, मग वाजला. दोनशे किलोमीटरवर तो पुन्हा तपासतो आणि इथे कळवतो.